सत्यभामाबाईंचा चातुर्मास

सकाळी साडेसातला, कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत, सत्यभामाबाई भाजीचा फोटो काढायच्या. चिरलेल्या भाजीचा नाही, अख्ख्या. दोडका असेल तर दोडका, मेथीची जुडी असेल तर जुडी, आणि भाजीच नसली तर डाळीचा डबा. ही त्यांची हजेरी. फोटो आला की माणूस उठलं, आंघोळ झाली, देवपूजा झाली, गॅसपर्यंत पोचलं, एवढं बाकीच्या तिघींना कळायचं. त्याहून जास्त विचारायची वेळ सहसा येत नसे.

त्या तिघी म्हणजे नांदेडच्या सुलेखाताई, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या. फुलंब्रीच्या वच्छलाबाई, किराणा दुकान चालवणाऱ्या. आणि मस्कतची अमृता, सगळ्यांत धाकटी, मूळची जालन्याची, नवऱ्याच्या नोकरीपायी तिकडं गेलेली. बारा वर्षं झाली या चौघी एकमेकींना ओळखतात, आणि बारा वर्षांत एकीनंही दुसरीला समोर बसून पाहिलेलं नाही. फुलंब्री तर सत्यभामाबाईंच्या घराजवळच्या सिडको बसस्टँडवरून तासाभराचा रस्ता. पण वच्छलाबाईंचं दुकान बंद राहत नाही आणि सत्यभामाबाईंच्या घरातलं माणूस एकटं ठेवता येत नाही. ‘एकदा भेटू’ असं दोघी दर दिवाळीला लिहितात आणि दोघींनाही त्याचं काही वाटत नाही.

ओळख झाली ती भांडणातून. फेसबुकवर उपासाच्या पदार्थांचं एक पान होतं. तिथं कुणीतरी भगरीवर कोथिंबीर भुरभुरून फोटो टाकला, आणि सत्यभामाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा परक्या लोकांत तोंड उघडलं. ‘उपासाला कोथिंबीर चालत नाही.’ खाली वच्छलाबाईंनी लिहिलं, ‘आमच्याकडं चालते. पिढ्यान् पिढ्या चालते.’ सुलेखाताई मध्ये पडल्या. ‘आम्ही बौद्ध, आमच्याकडं हा उपासच नाही. पण कोथिंबिरीशिवायचा साबुदाणा वडा मला कुणी वाढू नका.’ अमृताचं तेव्हा नुकतं लग्न झालेलं. तिनं भाबडेपणानं विचारलं, ‘मग जिरं चालतं का?’ आणि भांडण आणखी दोन दिवस लांबलं. शेवटी वच्छलाबाईंनी चौघींचा वेगळा ग्रुप काढला, नाव ठेवलं ‘कोथिंबीर’. निकाल आजतागायत लागलेला नाही.

ग्रुपवर गुलाबाची फुलं नाहीत, सुविचार नाहीत, दुसरीकडून आलेलं पुढं ढकलायचं नाही. ‘आपल्या घरात घडलं तेच लिहायचं,’ हा वच्छलाबाईंचा कायदा. सुलेखाताईंचे मिस्टर गेले तेव्हा नऊ दिवस त्यांची हजेरी आली नाही. दहाव्या दिवशी एक बटाटा आला. एकच. त्या सकाळी बाकीच्या तिघींनीही एकेकच टाकलं, एक भेंडी, एक वांगं, एक कांदा.

सत्यभामाबाईंच्या घरातलं ते माणूस म्हणजे त्यांच्या सासूबाई, मनकर्णाबाई. वय चौऱ्याऐंशीच्या पुढं, नक्की किती ते त्यांनाही ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चालणं काही परत आलं नाही. तेव्हापासून समोरच्या खोलीत खिडकीखाली त्यांची खाट. डोळ्यांत मोतीबिंदू, तोंडात दात नाहीत, कान मात्र असे की गल्लीत कुणाच्या घरी फोडणी करपली ते झोपल्या जागी सांगावं.

सत्यभामाबाई त्यांना आत्याबाई म्हणत. मालक राजेंद्रराव एका सरकारी कचेरीत कारकून. सकाळी साडेनऊला डबा घेऊन जायचे ते साडेसहाला उतरलेल्या तोंडानं यायचे. मुलगी लग्न होऊन नाशिकला. म्हणजे दिवसभर घरात या दोघीच. दर दोन तासांनी कूस बदलायची, कपडे बदलायचे, पाठ पुसून पावडर लावायची. नळाला पाणी आठव्या दिवशी. ते आलं की मागच्या बोळातले नऊ ड्रम भरायचे, आणि मग तेवढ्याच पाण्यात आठ दिवसांच्या चादरी कशा धुवायच्या याचा घोर. सत्यभामाबाईंची स्वतःची कंबर कधी गेली ते त्यांना कळलंसुद्धा नाही. सकाळी उठताना त्या आधी कुशीवर वळत, मग हाताचा टेका घेत, मग देवाचं नाव घेऊन उभ्या राहत. त्यात देवाचं नाव घेणं तेवढं सोपं होतं.

सासूला जेवू घालायची वेळ हीच काय ती त्यांची बसायची वेळ. मांडीवर वाटी, उजव्या हातात चमचा, डाव्या हातात मोबाईल. ग्रुपवर आलेलं वाचून दाखवायचं आणि मधे मधे घास द्यायचा. मनकर्णाबाईंना तिघीही पाठ होत्या. मास्तरीण, दुकानवाली आणि मस्कतची पोरगी.

“मास्तरीण काय म्हणती?”

“गुडघे धरलेत म्हणे. तेल चोळते.”

“कशाचं?”

“तिळाचं.”

“एरंडाचं चोळ म्हणावं. शिकलेल्या बायांना काय कळत नाय.” एवढं बोलून त्या तोंड उघडायच्या. मग पुढचा घास.

ज्येष्ठातला तो दिवस नळाचा होता. सत्यभामाबाई मागच्या बोळात ड्रममध्ये पाइप सोडून उभ्या होत्या. पाणी भरेपर्यंत उगीच मोबाईल उघडला, तर वच्छलाबाईंनी फोटो टाकलेला. दुकानात उंदरांचा सुळसुळाट झाला म्हणून आणलेलं मांजर गुळाच्या पोत्यावर चार पाय वर करून झोपलंय, आणि त्याच्या शेजारच्या पोत्यातून उंदराची शेपटी लोंबतेय. खाली लिहिलेलं, ‘दोघांचं जमलंय. आता मलाच दुकान सोडायला सांगतील.’ सत्यभामाबाईंना हसू आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. ड्रमच्या कडेला धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर त्या हसल्या.

तेवढ्यात समोरच्या खोलीतून धप्प आवाज आला.

मनकर्णाबाई स्टुलावरचा पाण्याचा तांब्या घ्यायला गेल्या होत्या आणि खाटेवरून घसरल्या होत्या. हाड वाचलं. पण खाटेच्या पट्टीनं कंबरेखाली कातडं सोलून निघालं, आणि सतत त्याच अंगावर निजून निजून तिथं जखम झाली. दहा दिवस गेले, वीस गेले, जखम काही भरेना.

पडल्याच्या तिसऱ्याच दिवशी वेरूळहून नणंद आली होती, सरूबाई. दोन तास बसली, चहा घेतला, चादर वर करून आईची जखम पाहिली आणि म्हणाली, “वहिनी, दिवसभर मोबाईलमध्ये मुंडकं घालून बसल्यावर माणूस पडणारच की.”

सत्यभामाबाईंनी रिकामे कप उचलले. त्यात खोटं कुठं होतं?

आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी गल्लीतल्या देवळात बायकांचं चाललं होतं, चातुर्मासात यंदा कुणी काय सोडायचं. कुणी वांगं, कुणी कांदा-लसूण. एकीनं चहा सोडायचं ठरवलं होतं आणि आत्ताच तिचं कपाळ ठणकायला लागलं होतं. सत्यभामाबाईंना वांगं तसंही आवडत नसे. नावडतं देवाला देऊन काय उपयोग? जे नसलं तर दिवस ढकलवत नाही, ते द्यायचं. असं त्यांच्याकडं एकच होतं.

घरी येऊन त्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘उद्यापासून कार्तिकीपर्यंत माझी हजेरी नाही. नेम घेते आहे. वाचणार नाही, लिहिणारही नाही. कारण विचारू नका.’

वच्छलाबाईंचं लगेच आलं, ‘चार महिने? भेंडी सोड ना बाई. देव भेंडीवरबी भागवतो.’

सुलेखाताईंनी वेळ लावला. मग लिहिलं, ‘मला नेम कळत नाहीत, तुम्ही कळता. जिवाला सांभाळा.’

अमृताचं शेवटी. ‘मावशी, परवा माझी गाडीची चौथी टेस्ट आहे! मला धीर कोण देणार?’ पोरगी दीड वर्ष मस्कतमध्ये लायसन्ससाठी झटत होती आणि तीनदा नापास झाली होती.

‘मी मनात आहे,’ एवढं लिहून सत्यभामाबाईंनी मोबाईल राजेंद्ररावांच्या हातात दिला. त्यांनी तो ग्रुप कुठंतरी आत दडवून दिला, पुन्हा नजरेला पडू नये असा. का, ते त्यांनी विचारलं नाही. एकादशीच्या सकाळी देवापुढं हातावर पाणी घेऊन सत्यभामाबाई म्हणाल्या, “आत्याबाईंची जखम भरू दे. माझ्या हसण्यापायी झाली, माझं हसणं घे.” आणि पाणी ताम्हनात सोडलं.

मग दिवस सुरू झाले. साडेसातला हात सवयीनं मोबाईलकडं जायचा आणि मागं यायचा. त्या दोडक्याकडं बघत उभ्या राहायच्या. दोडक्याकडं माणूस बघून बघून किती बघणार? चिरून टाकायच्या. आपण उठलो, आंघोळ झाली, गॅसपर्यंत पोचलो, हे आता कुणालाच कळत नव्हतं, आणि कुणाला कळत नाही म्हटल्यावर ते करण्यात पूर्वीइतका जीव राहिला नव्हता. काम मात्र होतं तेवढंच होतं. कूस, कपडे, पावडर, पट्टी, चादर, ड्रम.

दुसऱ्याच दिवशी जेवताना मनकर्णाबाईंनी विचारलं, “काय म्हणतात तुझ्या बाया?”

“नेम घेतलाय आत्याबाई. कार्तिकीपर्यंत वाचायचं नाही.”

“कुणी सांगितला?”

“मीच घेतला.”

“कशापायी?”

“ते सांगायचं नसतं.”

मनकर्णाबाईंनी मान भिंतीकडं वळवली. त्या दिवशी अर्धी वाटी राहिली. आठवडाभरानं पाऊण राहायला लागली. ‘भूक नाय.’ ‘कडू लागतंय.’ ‘ठेव, मागून खाते.’ मुगाचं वरण करून झालं, रव्याची खीर झाली, भाकरी दुधात कुसकरून झाली. तीन चमच्यांपुढं गाडं जाईना.

डॉक्टर घरी येऊन पाहून गेले. म्हणाले, “वरून कितीही पट्ट्या बदला. पोटात गेल्याशिवाय जखम भरत नसते. आजींना खायला घाला, हेच औषध.”

सत्यभामाबाईंनी औषधाऐवजी आणखी देव धरला. सोमवारचा उपास धरला, देवळात अकराच्या एकवीस प्रदक्षिणा केल्या. एकविसाव्या प्रदक्षिणेला कंबर अशी भरून आली की खांबाला धरून थांबावं लागलं. जखम तशीच. हाताला लागणाऱ्या आत्याबाईंच्या फासळ्या मात्र रोज जरा जास्त लागत होत्या.

आषाढातली अमावस्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपार. वाटीत वरणभात. “आ करा.” मनकर्णाबाईंचं तोंड मिटलेलं. “एक घास. माझ्यासाठी.” नाही. सत्यभामाबाईंनी चमचा वाटीत ठेवला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “आत्याबाई, माझ्यात आता ताकद नाही हो. खा तरी, नाहीतर काय हवं ते सांगा तरी.”

मनकर्णाबाईंनी तोंड भिंतीकडंच ठेवलं. मग म्हणाल्या, “पोरीचं काय झालं?”

“कुठल्या पोरीचं?”

“मस्कतच्या. गाडीची परीक्षा होती ना तिची. एकादशी गेली, अमावस्या गेली. पास झाली का नापास झाली, कोण सांगणार मला?”

सत्यभामाबाईंनी वाटी खाली ठेवली.

“मास्तरणीचे गुडघे कसे हायत? दुकानवालीचं मांजर ऱ्हायलं का पळालं?” म्हातारीचा आवाज चिरका झाला. “तुला नेम हाय. मी कुठं घेतला होता? माझं बी तूच सोडलंस. मला न इचारता.”

वाटीतला भात गार होत होता. दोन वर्षं आपण वाचत होतो आणि आत्याबाई गिळत होत्या, हे सत्यभामाबाईंच्या डोळ्यांसमोर रोज घडत होतं आणि त्यांना दिसलं नव्हतं. ज्या जखमेसाठी घासातला घास देवाला दिला, तो घास आत्याबाईंच्या तोंडातला होता.

त्या उठून देवघरापुढं जाऊन बसल्या. मोबाईल पदरात होता. नुसतं उघडलं की झालं असतं. पण हातावर पाणी घेऊन दिलेलं परत कसं मागायचं? देव काही म्हणाला नसता, ते त्यांना माहीत होतं. म्हणूनच मागवत नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी काहीच ठरवलं नाही. ठरवायलाही अंगात काही लागतं.

ठरवलं ते मनकर्णाबाईंनी. राजेंद्रराव घरात येऊन चप्पल काढतात न काढतात तोच खाटेवरून हाक आली.

“राजा, तुझा फोन हाय ना?”

“आहे की माय.”

“त्यात मला घाल.”

“कशात?”

“बायांत.”

राजेंद्ररावांनी बायकोकडं पाहिलं. सत्यभामाबाईंनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि तोंड फिरवून कणीक मळायला घेतली. राजेंद्रराव खाटेच्या कडेला बसले, बायकोच्या फोनमधून वच्छलाबाईंचा नंबर शोधला, आणि आपल्या फोनवरून लावला. आईला ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू.

“हॅलो, मी राजेंद्र बोलतोय. सिडकोतून. सत्यभामाचे मिस्टर.”

पलीकडं तराजूचा खडखडाट थांबला. “काय झालं? आजी गेल्या का?”

“नाय गेले,” मनकर्णाबाई खाटेवरून ओरडल्या, “हितंच हाय. मांजर हाय का अजून?”

वच्छलाबाई इतक्या जोरात हसल्या की दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं ‘काय झालं अक्का’ विचारलेलं इकडं ऐकू आलं. “हाय आजी, हाय! तीन पिल्लं झाली. मांजर नव्हतं, मांजरी होती.”

दहा मिनिटांत राजेंद्ररावांच्या फोनवरून मनकर्णाबाई कोथिंबीर ग्रुपात आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं, म्हणून बायकांनी आवाजातले निरोप पाठवायचे आणि त्यांनी आवाजातच उत्तर द्यायचं, असं ठरलं. त्यांचा पहिला निरोप राजेंद्ररावांनी फोन तोंडाशी धरून घेतला.

“बायांनो, मी मनकर्णा. सत्यभामाची सासू. तिचा नेम हाय, ती बोलायची नाय. मी काय सोडलेलं नाय. माझे दातच गेलेत, आता अजून काय सोडू? पोरी, तुझं काय झालं?”

अमृताचा आवाज आला, बारीक, रडवेला आणि हसराही. “आजी, चौथ्यांदा नापास. इथं ड्रम ठेवतात, त्यांच्या मधून गाडी मागं घ्यायची असते. मागचा ड्रम पडला.”

“ड्रमच ना? आमच्या बोळात नऊ हायत. ये इकडं, शीक.”

सत्यभामाबाईंनी त्या वेळी वाटी पुढं केली होती. मनकर्णाबाईंनी बघितलंही नाही. तोंड उघडलं, घास घेतला आणि म्हणाल्या, “राजा, पुढची लाव.”

ऐकलेलं नेमात बसतं का, हा प्रश्न होताच. तो ग्रुपवरही निघाला. “कानाला झाकण देवानंच दिलेलं नाही. ऐकलेलं चालतं,” वच्छलाबाईंनी निर्वाळा दिला. सुलेखाताई म्हणाल्या, “मी यात पडत नाही. मला कोथिंबिरीचाच निकाल अजून मिळालेला नाही.” सत्यभामाबाई वाचत नव्हत्या, लिहीत नव्हत्या, तोंडातून शब्द काढत नव्हत्या. घास द्यायला मात्र खोलीत बसावंच लागायचं. त्या मान खाली घालून वाटीत बघत बसायच्या.

दिवसभर फोन आता घरीच राहू लागला. राजेंद्रराव कचेरीत जुना, बटणांचा फोन नेऊ लागले. सकाळी निघण्याआधी आईच्या वतीनं भाजीचा फोटो टाकायचं कामही त्यांच्याकडं आलं. पहिल्याच दिवशी त्यांनी चिरलेल्या भोपळ्याचा टाकला. “राजेंद्रभाऊ,” वच्छलाबाईंचा आवाज आला, “अख्खा. चिरलेला पुरुषमाणसंच दाखवतात.” ते बिचारे केरातून साल उचलून भोपळ्याला लावून बघत होते.

श्रावणात वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाची गर्दी असते. ती जरा ओसरली तशी सरूबाई प्रसाद घेऊन आली. आईच्या उशाशी फोन, त्यातून कुणा बाईचा आवाज चाललेला.

“आता तुलाबी याड लागलं का माय?”

“व्हय.”

“वहिनीचं बघूनच ना?”

“तू ये की चार दिवस ऱ्हायला,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “मी ठेवते फोन. तू बोल माझ्याशी, तू कूस बदल.”

“माझ्याकडं म्हशी हायत माय. कोण बघणार?”

“तेच म्हणते.” म्हातारीनं थोडा दम घेतला. “आन् ऐक. तू त्या दिवशी हिला बोललीस, मुंडकं मोबाईलमध्ये म्हणून मी पडले. मी हाकच मारली नव्हती. मागं बोळात ही हसत होती. लई दिवसांनी हसत होती. म्हणलं हसू दे तिला, पाणी काय, माझं मी घेते. घसरले. त्यात तिचं काय गेलं?”

सत्यभामाबाई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे तिथंच फ्रिजवर ठेवला आणि परत आत गेल्या. नळ सोडला, पण नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं. तशाच ओट्याला धरून उभ्या राहिल्या. बाहेर सरूबाई “बरं” म्हणाली. चहावर साय धरली.

संध्याकाळी दिवा लावताना सत्यभामाबाईंनी हात जोडले. “नेम मोडत नाही,” त्या म्हणाल्या. “कार्तिकीपर्यंत वाचणार नाही. पण हसणं तेवढं परत नेते. ते तुझ्याकडं ठेवायचं नव्हतं.” आणि मग त्यांना वाटलं, देवाशी आपण जरा जास्तच बोललो. म्हणून गाल थोपटून घेतले.

सरूबाई गेल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत मनकर्णाबाईंनी एक निरोप धाडला. सत्यभामाबाई तेव्हा मागं चादरी पिळत होत्या, पण म्हातारीला हळू बोलणं माहीतच नव्हतं. “बायांनो, माझी सून उठताना भिंतीला धरून उठती. मला दिसत नाय, पण ऐकू येतं. तोंडातून आवाज काढत नाय, दात आवळती. मी हाय तवर तिला झोप नाय. तुम्ही शिकल्या-सवरल्या हायत. काय तरी सांगा.”

सांगायला कुणी काही सांगितलं नाही. वच्छलाबाईंनी कंबरेला बांधायचा पट्टा सिडकोला येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवला, सोबत शेपूच्या दोन जुड्या. अमृता म्हणाली, “आजी, पाचव्यांदा फॉर्म भरलाय.” आणि सुलेखाताईंनी दुसऱ्या दिवशी बरोबर दोन वाजता फोन केला. ग्रुपवर निरोप नाही, सरळ फोन. राजेंद्ररावांच्या नंबरवर, मनकर्णाबाईंसाठी.

“आजी, फोन कानाशी ठेवा. आणि सुनेला म्हणावं, अर्धा तास खाली आडवी हो. तोवर मी आहे. तुम्हाला काही लागलं तर मला सांगा, मी तिला हाक मारीन. नांदेडहून मारीन, पण मारीन.”

“तू पंतोजीणच हायस,” मनकर्णाबाई म्हणाल्या आणि खाटेवरून हात हलवला. “सत्यभामा, नीज.”

सत्यभामाबाईंना वाटलं, चादरी वाळत घालायच्यात. मग वाटलं, राहू देत. त्यांनी खाटेशेजारी सतरंजी टाकली, कंबरेखाली उशी सरकवली आणि पडल्या. आत कुठंतरी हाड जागेवर बसल्याचा आवाज झाला. ते सुख नव्हतं, पण दुखणंही नव्हतं.

तेव्हापासून रोज दोनला फोन येतो. जखम अजून पुरती भरलेली नाही. कडेनं गुलाबी कातडी धरते आहे, मधे अंगठ्याच्या नखाएवढी राहिली आहे. डॉक्टर म्हणाले, लागेल वेळ. मनकर्णाबाई एक वाटी खातात, कधी दीड. कार्तिकीला अजून बरेच दिवस आहेत.

परवा दोनला सुलेखाताईंनीच विषय काढला. “आजी, एक विचारू का? बारा वर्षं आम्ही भांडतोय. उपासाला कोथिंबीर चालते का?”

खाली सतरंजीवर सत्यभामाबाईंचे डोळे मिटत आले होते. हा निकाल त्यांना ऐकायचा होता. त्यांनी डोळे उघडायचा प्रयत्न केला.

“आता आमच्या येळंला कसं होतं,” मनकर्णाबाईंनी घसा खाकरला, “माझी सासू म्हणायची…”

पुढचं सत्यभामाबाईंना ऐकू आलं नाही. त्या घोरत होत्या. मनकर्णाबाईंनी बोलणं मधेच थांबवलं आणि फोन तोंडाजवळ घेऊन, त्यांच्या मते अगदी हळू, म्हणाल्या, “हळू बोल मास्तरीण. निजलीय ती.”